ऐकू न आलेला बेस : जेसन न्यूस्टेडची कारकीर्द

मेटॅलिका या अमेरिकन बँडचा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ हा अल्बम ऑगस्ट १९८८मध्ये बाजारात आला. नऊ गाणी, पासष्ट मिनिटांहून थोडा अधिक वेळ, मुखपृष्ठावर दोरखंडांनी जखडलेली आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेली न्यायदेवता. श्रेयनामावलीत चार वादकांची नावं आहेत. ऐकायला बसलं की मात्र तीनच वादक हाती लागतात : गायक आणि रिदम गिटारवादक जेम्स हेटफिल्ड, लीड गिटारवादक कर्क हॅमेट आणि ड्रमर लार्स उलरिक. चौथ्याचं नाव जेसन न्यूस्टेड. तो बेस गिटार वाजवतो, असं छापलेलं आहे म्हणून मानायचं.

हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढला, लाखोंनी खपला. त्यातल्या ‘वन’ या गाण्याला १९९० साली ग्रॅमी मिळालं, आणि नुसत्या ‘मेटल’साठी म्हणून दिलं गेलेलं ते पहिलंच ग्रॅमी. इतक्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणात एक अख्खं वाद्य ऐकू येत नाही, ही गोष्ट मेटल ऐकणाऱ्यांच्या जगात गेली पस्तीसहून अधिक वर्षं चघळली जाते आहे. न्यूस्टेडचं नाव निघालं की हीच कथा निघते : नवा पोरगा, त्याचा झालेला छळ, त्याचा दाबलेला आवाज. कथा खरी आहे, पण ती इतकी सवयीची झाली की त्या माणसानं वाजवलं काय आणि कसं, हा समीक्षेचा साधा प्रश्न बाजूलाच राहिला. या लेखात तो प्रश्न धरून त्याची कारकीर्द पाहायची आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. न्यूस्टेडचं खरं नुकसान मिक्सिंगच्या टेबलावर झालं असं मला वाटत नाही. ते त्याआधी, गाणी रचली जातात त्या खोलीत झालं. आणि त्याची भरपाई त्यानं कुठे करून घेतली, तिकडे आपले कान फारसे गेलेच नाहीत.

मराठीत या संगीताबद्दल फार लिहिलं गेलेलं नाही, तेव्हा थोडं प्राथमिक सांगणं भाग आहे. सहा तारांच्या गिटारची सर्वांत जाड तार सुटी छेडली तर सेकंदाला सुमारे ८२ कंपनं होतात. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार याच्या निम्मी, सुमारे ४१ कंपनं देते. म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. हेवी मेटलमध्ये गाण्याची ओळख असते रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा, ठसठशीत तुकडा. बेसवादक बहुतेक वेळा तोच तुकडा खालच्या सप्तकात वाजवतो. दोन वाद्यं इतकी एकजीव होतात की कानाला ती एकच वाटतात. आपण म्हणतो, काय जड गिटार आहे! जडपणा असतो बेसचा, वाहवा जाते गिटारला. या संगीतातल्या बेसवादकाचा धंदा मुळातच असा आहे.

बेस काढून घेतला की काय उरतं, हे तबल्यावरून समजून घेता येईल. तबल्याच्या ध्वनिमुद्रणातून डग्ग्याची घुमक तेवढी काढून टाकली आणि उजव्याची चाट आणि किनार ठेवली, तर ताल कळेल, लय कळेल, हिशेबात कुठे चूक सापडणार नाही. पण पोटात काही नाही असं वाटत राहील. ‘जस्टिस’ ऐकताना असंच होतं. ड्रमचा ठोका टाइपरायटरच्या कळीसारखा टकटकतो, गिटारी करवतीसारख्या कापत जातात, आणि खाली जमीन नाही.

१९९०च्या सुमारास आमच्या कंपूत ही कॅसेट मुंबईहून कॉपी होऊन आली, तेव्हा आमच्यातल्या एकानं टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटनं दोनदा पुसून पाहिलं होतं. तसं पाहिलं तर छोट्या टू-इन-वनच्या स्पीकरमधून ४१ कंपनांचा मूळ स्वर निघतच नाही. पण त्याचे उपस्वर निघतात आणि त्यांच्यावरून कान मूळ स्वर कल्पून घेतो. म्हणूनच त्याच डबड्यावर याच बँडच्या आधीच्या, १९८६च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’मधला बेस आम्हाला व्यवस्थित ऐकू येई. तो बेस क्लिफ बर्टनचा होता, आणि न्यूस्टेडची गोष्ट बर्टनला टाळून सांगता येत नाही.

बर्टन या संगीतातला अपवाद होता. तो नखी न वापरता बोटांनी वाजवायचा, बेसवर डिस्टॉर्शन चढवायचा, आणि कित्येकदा बेसवरच मुख्य धून धरायचा. १९८३च्या पहिल्या अल्बममध्ये त्याच्या एकट्याच्या बेसवादनाचा अख्खा तुकडा आहे, मागे फक्त ड्रम. ‘फॉर हूम द बेल टोल्स’च्या सुरुवातीला जी घरंगळत उतरणारी ओळ ऐकू येते, ती ऐकणारे बरेच जण गिटारची समजतात, ती बेसची आहे. ‘मास्टर ऑफ पपेट्स’मधली ‘ओरायन’ ही शब्दाविना रचना तर बर्टनच्या विचारावरच उभी आहे. २७ सप्टेंबर १९८६ला पहाटे स्वीडनमध्ये दौऱ्यावर असताना बँडची बस उलटली आणि तो गेला. वय चोवीस.

महिन्याभरात बँडनं नवा बेसवादक निवडला. चाळीसच्या वर उमेदवार पाहिले गेले म्हणतात. २८ ऑक्टोबरला न्यूस्टेडची निवड झाली आणि ८ नोव्हेंबरला तो कॅलिफोर्नियातल्या रेसिडा इथे पहिल्या कार्यक्रमाला उभा राहिला. चाचणीला येताना बँडच्या कार्यक्रमातली सगळी गाणी तो पाठ करून आला होता, ही गोष्ट नेहमी त्याच्या मेहनतीचा दाखला म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात पुढच्या चौदा वर्षांची अटही दिसते. दुसऱ्याचं अचूक वाजवून दाखवणारा हवा होता, आणि तो मिळाला.

वास्तविक न्यूस्टेड काही कोरी पाटी नव्हता. जन्म ४ मार्च १९६३, मिशिगन राज्यातलं बॅटल क्रीक, म्हणजे केलॉगच्या कॉर्नफ्लेक्सचं गाव. लहानपण शेतीवाडीत गेलं. तरुणपणी तो अॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात आला आणि तिथे ‘फ्लॉटसम अँड जेटसम’ हा बँड उभा राहिला. त्यांचा पहिला अल्बम ‘डूम्सडे फॉर द डिसीव्हर’ १९८६च्या जुलैत निघाला. त्यातले बहुतेक शब्द न्यूस्टेडचे आहेत, आणि बँडची सूत्रंही त्याच्याच हाती असायची. अल्बम ऐकला तर बेस पुढे आहे, धडधडीत आहे, जरा उतावीळच आहे. ज्याला इतरांना चार गोष्टी सांगायची सवय आहे अशा माणसाचं ते वादन आहे. तेवीस वर्षांचा हा माणूस अल्बम निघाल्यावर चार महिन्यांत आपला बँड सोडून आपल्या आवडत्या बँडमध्ये गेला आणि तिथे शेवटच्या बाकावर बसला.

तिथे त्याचं जे झालं ते बँडच्या लोकांनी पुढे स्वतःच सांगितलं आहे. दौऱ्यावर हॉटेलातली सगळ्यांची बिलं त्याच्या खोलीवर लावायची, त्याच्याबद्दल भलत्यासलत्या कंड्या पिकवायच्या, नाव ‘न्यूकिड’. बर्टनच्या जाण्याचं दुःख नीट कोणी केलंच नाही, ते असं नव्या माणसावर निघालं, हे स्पष्टीकरण आता सर्वमान्य आहे. मला ते पटतं. वसतिगृहातल्या रॅगिंगलाही अशी स्पष्टीकरणं असतात आणि तीही पुष्कळदा खरी असतात, एवढंच म्हणतो.

आता ‘जस्टिस’चा प्रश्न. त्यात शिरण्याआधी एक छोटी तबकडी मध्ये येते, ती महत्त्वाची आहे. ऑगस्ट १९८७मध्ये मेटॅलिकानं इतर बँडची पाच गाणी वाजवून एक ईपी काढली. तिच्या नावात ‘गॅरेज डेज री-रिव्हिजिटेड’ असे शब्द आहेत. थोड्या दिवसांत, फारशी कलाकुसर न करता केलेलं हे ध्वनिमुद्रण. न्यूस्टेडचं नाव त्यावर ‘मास्टर जे. न्यूकिड’ असं छापलं आहे, थट्टा चालूच. पण बेस? स्वच्छ, खणखणीत, पुढे. ‘क्रॅश कोर्स इन ब्रेन सर्जरी’ तर बेसनंच सुरू होतं. म्हणजे १९८७ साली या मंडळींना न्यूस्टेडचा बेस नीट टिपता येत होता आणि ऐकवायलाही हरकत नव्हती. ‘तेव्हा तंत्रच तसं होतं’ हा युक्तिवाद इथे संपतो.

‘जस्टिस’चं ध्वनिमुद्रण १९८८च्या पहिल्या काही महिन्यांत लॉस एंजेलिसच्या ‘वन ऑन वन’ स्टुडिओत झालं. सूत्रं डॅनिश निर्माता फ्लेमिंग रासमुसेनकडे होती. न्यूस्टेडनं आपला भाग वाजवला तेव्हा बँडमधलं दुसरं कोणी तिथे नव्हतं. सहायक ध्वनिमुद्रक होता, एवढंच. मिक्सिंग झालं न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिलला, स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकेल बार्बिएरो यांच्या हातून. त्याच दिवसांत बँड ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’ या दौऱ्यात मोठमोठ्या मैदानांत वाजवत होता आणि हेटफिल्ड-उलरिक मधल्या दिवसांत विमानानं बेअर्सव्हिलला येऊन-जाऊन होते.

बेस गेला कुठे याच्या तीन कहाण्या आहेत. थॉम्पसननं मुलाखतींमधून सांगितलेली अशी की उलरिक ड्रमच्या आवाजाची जुळणी ठरवूनच आला होता, आणि बेस जेमतेम ऐकू येईल इतका खाली घ्या, मग त्याहूनही खाली घ्या, असं त्यानंच सांगितलं. पुढे २००९ साली एका समारंभात भेट झाली तेव्हा त्याच उलरिकनं आपल्याला विचारलं, ‘जस्टिस’मधल्या बेसचं काय झालं? हेही थॉम्पसनच सांगतो, तेव्हा सांगणाऱ्याचा पक्ष लक्षात ठेवून ऐकायला हवं. दुसरी कहाणी हेटफिल्डकडची. बेस आणि रिदम गिटार अक्षरशः एकच गोष्ट वाजवत होते, आवाजाची जातही जवळजवळ तीच, शिवाय दौऱ्यात कान बधिर झालेले. वरच्या पट्टीचे आवाज वाढवत गेलो आणि खालचं हरवलं. तिसरी लोकप्रिय कहाणी म्हणजे बर्टनच्या जागी दुसरा बेस ऐकणंच त्यांना सहन होत नव्हतं. ही सिद्ध होण्यासारखी नाही आणि खोडूनही काढता येत नाही. रासमुसेननं मात्र न्यूस्टेडचं वादन उत्तम होतं असं वारंवार सांगितलं आहे, आणि मूळ पट्ट्या ऐकलेल्या मोजक्या लोकांपैकी तो एक आहे.

मोजक्या, असं म्हटलं खरं, पण २००९मध्ये ती स्थिती बदलली. मेटॅलिकाच्या गाण्यांवर बेतलेला ‘गिटार हिरो’चा एक व्हिडिओ गेम आला. असल्या खेळांत प्रत्येक वाद्याची पट्टी वेगळी ठेवावी लागते. चाहत्यांनी त्या पट्ट्या सुट्या केल्या, बेस वाढवला आणि ‘जस्टिस फॉर जेसन’ अशा नावांनी घरगुती मिश्रणं फिरू लागली. अधिकृत पातळीवर काही हललं नाही. २०१८मध्ये अल्बमची नव्यानं मास्टर केलेली, डबाभर पुरवण्यांसह आवृत्ती निघाली. मूळ मिश्रणाला हात लावला नाही. इतिहास बदलू नये, हा बँडचा मुद्दा समजण्यासारखा आहे.

आता समीक्षेचा भाग. सुटा केलेला बेस मी पुन्हा पुन्हा ऐकला आहे, आणि माझं मत बहुतेक चाहत्यांना आवडणार नाही. वादन जोरकस आहे, नखीचा प्रहार प्रत्येक मात्रेवर नेमका पडतो, ‘डायर्स ईव्ह’सारख्या जीवघेण्या लयीतही हात ढिला पडत नाही. पण बहुतेक ठिकाणी ते रिदम गिटारचीच सावली आहे. गिटार थांबली की बेस थांबतो, गिटार वळली की वळतो. बर्टननं ‘ओरायन’मध्ये केलं तसं गिटारच्या खालून स्वतःची वाट काढणं इथे जवळपास नाही. म्हणजे हेटफिल्डचं तांत्रिक स्पष्टीकरण अर्धं खरं आहे. जे एकसारखं आहे ते एकात एक विरघळतं. बेस वर आणला की गाण्यांना वजन येतं, जमीन मिळते, पण दडवलेला खजिना निघतो असं काही होत नाही.

मग प्रश्न उरतो, सावलीच का? ज्यानं दोनच वर्षांपूर्वी एक अख्खा अल्बम ओढून नेला होता, तो इथे गिटारच्या पावलावर पाऊल ठेवून का चालतो?

याचं उत्तर ऐकून मिळत नाही, छापील श्रेयांत मिळतं. सीडींच्या पुस्तिका समोर घेऊन मी वहीत हिशेब मांडला. बर्टनच्या काळातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अल्बमांत मिळून सोळा गाणी आहेत. त्यांतल्या नऊ गाण्यांच्या रचनेत बर्टनचं नाव आहे. न्यूस्टेडच्या काळात नव्या गाण्यांचे चार अल्बम निघाले : ‘जस्टिस’मध्ये नऊ गाणी, १९९१च्या काळ्या मुखपृष्ठाच्या ‘मेटॅलिका’त बारा, १९९६च्या ‘लोड’मध्ये चौदा, १९९७च्या ‘रीलोड’मध्ये तेरा. एकूण अठ्ठेचाळीस. न्यूस्टेडचं नाव आहे तीन गाण्यांवर : ‘ब्लॅकन्ड’, ‘माय फ्रेंड ऑफ मिझरी’ आणि ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’. ‘लोड’मध्ये एकही नाही. आणि खुद्द ‘जस्टिस’मध्ये बर्टनचंही नाव एका गाण्यावर आहे, कारण ‘टू लिव्ह इज टू डाय’ त्यानं मागे ठेवलेल्या सामग्रीतून उभं केलं आहे. त्या अल्बमात दोन वर्षांपूर्वी गेलेल्या बेसवादकाचा रचनेतला वाटा आणि हयात बेसवादकाचा वाटा सारखा आहे.

श्रेयांची वाटणी हे संगीताचं मोजमाप नाही, हे मान्य. कोणी सुचवलेली एखादी ओळ दुसऱ्याच्या नावावर जाते, असं सगळीकडे घडतं. तरी तीन आणि अठ्ठेचाळीस यांतलं अंतर नुसत्या योगायोगानं पडत नाही. मेटॅलिकात गाणी घडायची ती हेटफिल्ड आणि उलरिक यांच्यात. बाकीच्यांनी आपापल्या रिफच्या टेप भरून द्यायच्या, त्यांतलं काय घ्यायचं हे या दोघांनी ठरवायचं. हॅमेटची पुष्कळ सामग्री वापरली गेली, न्यूस्टेडची फार थोडी. ज्याला वाक्य रचायला मिळत नाही त्यानं दुसऱ्याचं वाक्य स्पष्ट म्हणायचं, एवढंच उरतं. तो ते चोख करत होता. मिक्सिंगमध्ये बेस खाली जाणं हा या व्यवस्थेचा कानाला कळलेला पुरावा होता, इतकंच.

‘ब्लॅकन्ड’ अपवाद ठरतं हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे. अल्बमातलं हे पहिलंच गाणं, आणि त्याच्या मुख्य रिफची चाल जरा वेगळी, अडखळून उसळणारी आहे. १९८९च्या ऑगस्टमध्ये सिअॅटलला झालेल्या कार्यक्रमाचं चित्रण पुढे १९९३मध्ये एका संचात आलं. कार्यक्रम ‘ब्लॅकन्ड’नंच सुरू होतो. इथे बेस ऐकू येतो, आणि न्यूस्टेडचा घोगरा, ओरडून दिलेला दुसरा आवाजही. ‘जस्टिस’ची गाणी कशी वाजायला हवी होती याचा माझ्या मते हा सर्वांत चांगला दाखला आहे, चाहत्यांच्या घरगुती मिश्रणांपेक्षा चांगला, कारण इथे समोर हजारो माणसं आहेत आणि वादक एकमेकांचं ऐकत आहेत. नव्वदच्या दशकात मंचावर न्यूस्टेड बँडचं इंजिन होता. ‘सीक अँड डिस्ट्रॉय’सारखी गाणी गाण्याची पाळीही पुढे त्याच्याकडे आली. २८ सप्टेंबर १९९१ला मॉस्कोजवळच्या तुशिनो विमानतळावर झालेल्या अफाट गर्दीच्या कार्यक्रमाचं चित्रण पाहा. मान सतत फिरते आहे आणि हात नखभरही मागे-पुढे होत नाही. त्या मानेची किंमत त्यानं पुढे मोजली.

१९९१चा काळा अल्बम त्याला थोडा न्याय देतो. निर्माता बदलला, बॉब रॉक आला, आणि बेसचं नातं गिटारकडून ड्रमकडे सरकलं. ‘सॅड बट ट्रू’मध्ये सगळी वाद्यं एक पूर्ण स्वर खाली उतरवली आहेत. तिथला बेस ऐकला की जाडजूड दार लोटल्यासारखं वाटतं. ‘द गॉड दॅट फेल्ड’ बेसनं सुरू होतं. ‘माय फ्रेंड ऑफ मिझरी’ची सुरुवातही एकट्या बेसवर आहे, आणि तीच न्यूस्टेडची मेटॅलिकातली उत्तम कामगिरी. साधी, खिन्न, वर चढून पुन्हा खाली बसणारी ओळ. मुळात ती शब्दाविना रचना म्हणून ठेवायची होती. बर्टनच्या ‘ओरायन’च्या रांगेत ती बसली असती. तिच्यावर शब्द चढले आणि ती बारांतलं अकरावं गाणं झाली. गाणं वाईट नाही. पण पहिली पाऊण मिनिटं ऐकल्यावर, हिला एकटीला पुढे जाऊ दिलं असतं तर, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

‘लोड’ आणि ‘रीलोड’ यांच्यावर मी वेळ घालवणार नाही. बेस गुबगुबीत आहे, ऐकू येतो, आणि कोणीही वाजवला असता. एप्रिल १९९९मध्ये बर्कलीला सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीबरोबर झालेल्या दोन मैफलींत मात्र त्याचं काम समजून घेण्यासारखं आहे. वाद्यवृंदातले चेलो आणि डबल बेस खालच्या पट्टीत आधीच बसलेले असताना आपण कुठे बसायचं, हे त्यानं ओळखलं होतं.

१७ जानेवारी २००१ला त्यानं बँड सोडल्याचं जाहीर झालं. खासगी कारणं आणि इतकी वर्षं वाजवून शरीराचं करून घेतलेलं नुकसान, असं त्यानं निवेदनात सांगितलं. पडद्यामागचं भांडण ‘इकोब्रेन’ नावाच्या त्याच्या दुसऱ्या बँडवरून होतं. मेटॅलिकातल्या माणसानं बाहेर संसार थाटायचा नाही, असा हेटफिल्डचा आग्रह होता. ज्याला घरात स्वयंपाक करू देत नाहीत त्यानं बाहेर चूल मांडली, तर त्याला बाहेरख्याली म्हणायचं, असा तो न्याय. पुढे बँडनं महिना चाळीस हजार डॉलर देऊन एक मार्गदर्शक ठेवला आणि त्याच्यासमोर बसून एकमेकांशी बोलायला शिकले. २००४च्या ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ या माहितीपटात ते सगळं आहे. त्याच चित्रपटात न्यूस्टेड येतो आणि या प्रकाराबद्दलची नापसंती लपवत नाही. २००३च्या अल्बममध्ये बेस निर्मात्यानंच वाजवून टाकला. नवा बेसवादक म्हणून रॉबर्ट ट्रुहियो आला, तो ऑझी ऑझबॉर्नच्या बँडमधून. आणि त्याच्या रिकाम्या जागी ऑझीकडे गेला न्यूस्टेड. ३० ऑक्टोबर २०११ला मेटॅलिका बंगळुरूला वाजवून गेली. मुंबई-पुण्याची पोरं रात्रीच्या बसनं तिकडे गेली होती. त्यांनी पाहिला तो ट्रुहियोच.

पुढचे काही मुक्काम भराभर सांगतो. २००६मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून गायक निवडून बांधलेल्या ‘सुपरनोव्हा’त तो सामील झाला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. त्याच वर्षी पडता अॅम्प्लिफायर सावरताना त्याचा खांदा दुखावला, बराच काळ वाजवणं थांबलं आणि तो चित्रं काढू लागला. ४ एप्रिल २००९ला क्लीव्हलँडमध्ये मेटॅलिकाला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं, तेव्हा मंचावर ट्रुहियो आणि न्यूस्टेड असे दोन बेसवादक एकदम उभे होते, आणि बर्टनच्या वतीनं त्याचे वडील. २०१३मध्ये त्यानं स्वतःच्या आडनावाचाच बँड काढून ‘हेवी मेटल म्युझिक’ नावाचा अल्बम केला. प्रामाणिक, बांधीव, जुन्या वळणाचा. वर्षभरात तो बँडही मिटला.

या सगळ्यातून एक गोष्ट मी शेवटी ठेवली, ती कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या ‘व्होइव्हॉड’ या बँडची. हा १९८२ सालचा बँड मेटलमध्ये विचित्र, तिरकस, विसंवादी स्वरांसाठी ओळखला जातो. त्यांचा गिटारवादक डेनिस दामूर, सगळे त्याला ‘पिगी’ म्हणत. रिफ हा सरळ रेषेत न ठेवता तुटक कोनांत ठेवायची त्याची सवय होती. न्यूस्टेड २००२मध्ये या बँडमध्ये आला. २००३चा ‘व्होइव्हॉड’ हा अल्बम ऐका. बेस भरदार आणि किंचित फाटका आहे, गिटारच्या खाली राहतो, पण तिचं बोट धरत नाही. पिगीचे स्वर वर अधांतरी टांगलेले असताना खाली ठाम एकच स्वर धरून ठेवायचा, की त्याच्याबरोबर तिरकं जायचं, हा निर्णय प्रत्येक कडव्यात घेतलेला कळतो. ‘जस्टिस’मध्ये असा निर्णय घेण्याची त्याला मुभाच नव्हती.

२६ ऑगस्ट २००५ला पिगी कर्करोगानं वारला. जाण्यापूर्वी त्यानं आपल्या लॅपटॉपवर पुष्कळ गाण्यांचे गिटारचे भाग वाजवून ठेवले होते आणि ते वापरा असं साथीदारांना सांगून ठेवलं होतं. त्यांवर ड्रम, बेस आणि आवाज चढवून दोन अल्बम पुरे केले गेले : २००६चा ‘कॅटॉर्झ’ आणि २००९चा ‘इन्फिनी’. गिटार बदलता येणार नव्हती. वाजवणाऱ्याला विचारता येणार नव्हतं, की इथे थांबतोस का, इथे जरा हळू घेतोस का. जे आहे ते धरून त्याखाली जमीन बांधायची, हे काम न्यूस्टेडकडे आलं.

गेलेल्या साथीदाराच्या जागेत वाजवणं ही त्याची पहिली नोकरी होती. ही दुसरी वेळ, आणि या वेळी गेलेला माणूस ध्वनिमुद्रणात हजर होता. ‘कॅटॉर्झ’मध्ये पिगीची गिटार काही ठिकाणी कच्ची आहे, घरात बसून वाजवल्यासारखी, ती तशीच ठेवली आहे. बेस तिला झाकत नाही. जिथे गिटार विरळ आहे तिथे बेस भरतो, जिथे ती गच्च आहे तिथे दोन स्वरांवर येऊन थांबतो. ‘इन्फिनी’मध्ये हे आणखी मोकळं होतं. काही जागी बेसच रिफ धरून बसतो आणि गिटार त्याच्यावरून भटकत जाते. ऐकताना आठवण ठेवावी लागते की भटकणारा आधी वाजवून गेला आहे आणि खाली धरून बसलेला नंतर आला आहे. बरे हेडफोन लावून, इतर काही काम न करता हे दोन्ही अल्बम सलग ऐकावेत. नेहमीच्या दुकानांत हे सहसा सापडत नाहीत, पण मागवले तर मिळतात.